सहाणेवरचे वळसे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

घरात तान्हे बाळ असले की सकाळी स्वयंपाकघरातून एक ठरावीक आवाज यायचा. ओल्या दगडावर काहीतरी कठीण घासल्याचा. आमच्या घरी तो आवाज आजीच्या सहाणेचा असे. बाळाची अंघोळ झाली, धुरी-शेक झाला, की बाळ आईच्या मांडीवर जाई आणि आजी आपला बटवा सोडून बसे. मुरुडशेंग, बाळहिरडा, हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, मायफळ, ज्येष्ठमध, अतिविष, काकडशिंगी, डिकेमाली, खारीक, बदाम. एकेक उचलायची, सहाणेवर आईच्या दुधाचे चार थेंब घालायची आणि उगाळायची. कशाचा एक वळसा, कशाचा अर्धा, बदामाचे मात्र चार. ओठांनी मोजत असायची. मधे कुणी बोललेले तिला चालत नसे.

आपल्यापैकी अनेकांनी ही बाळगुटी पाहिली असेल, काहींनी चाखलीही असेल. पण त्या एवढ्याशा बटव्यात काय काय होते, याचा विचार आपण क्वचितच केला असेल. मुरुडशेंग आपल्या सह्याद्रीच्या उतारावरची. पिळा पडलेली ती शेंग पोटातल्या मुरड्यावर द्यायची, हे कुणीतरी कधीतरी ठरवले. बाळहिरडा आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातून येई, महादेव कोळी बायाबापड्यांनी गोळा केलेला. अतिविष हिमालयातले. काकडशिंगी म्हणजे शेंग नव्हे, हिमालयातल्या एका झाडावर किड्यांमुळे येणारी गाठ. मायफळही तसेच, पश्चिम आशियातल्या ओक वृक्षावरची गाठ. जायफळ आज कोकणातल्या वाडीत पिकते, पण त्याचे मूळ घर म्हणजे समुद्रापलीकडची बांदा बेटे. ज्या बाईने आयुष्यात तालुका ओलांडला नाही, तिच्या बटव्यात अर्ध्या आशियाचा नकाशा होता. आणि कशाचे किती वळसे, हे तिला तिच्या सासूने शिकवलेले, सासूला तिच्या आजेसासूने.

हे सगळे लिहून ठेवले पाहिजे, असे मला वाटले. आजी गेली त्याच्या आदल्या वर्षी मी वही घेऊन तिच्यासमोर बसले. म्हटले, ‘आजी, तुझी सगळी औषधे सांग. मी लिहून घेते.’ ती हसली आणि ‘लिही’ म्हणाली. त्यात माक्याचे तेल होते. माक्याचा रस काढायचा, खोबरेलात घालायचा, मंद विस्तवावर आटवायचा, गार झाल्यावर गाळून ठेवायचे. मी शब्दन् शब्द लिहिला. ती गेल्यावर तीन वर्षांनी वही उघडून तेल केले. रंग सुरेख आला. पंधरा दिवसांनी बाटली उघडली तर आंबूस वास. तेल नासले होते.

वही पुन्हा पुन्हा वाचली. चूक कुठेच सापडेना. मग एका रात्री एकदम आठवले. आजी कढईजवळ बसायची ना, तेव्हा तिच्या हातात कापसाची वात असायची. ती तेलात बुडवायची, विस्तवावर धरायची आणि मान कलती करून ऐकायची. वात तडतडली की म्हणायची, ‘पाणी आहे गं अजून.’ वात निमूट जळली की कढई खाली. रसातले पाणी तेलात राहिले की तेल नासते, म्हणून ही परीक्षा. आजीने ती मला सांगितली नाही, कारण ती सांगायची गोष्ट आहे असे तिला वाटलेच नसणार. शेजारी बसणाऱ्याला ते दिसतेच. मी शेजारी बसले नव्हते, मी समोर वही घेऊन बसले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी ‘शार्ङ्गधरसंहिता’ वाचायला घेतली. औषधे कशी करावीत याची पद्धतशीर मांडणी करणारा हा ग्रंथ सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा. काढ्यासाठी औषधाच्या सोळा पट पाणी मातीच्या भांड्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवावे, अशी मापे त्यात आहेत. तेल सिद्ध झाले हे ओळखायच्या खुणाही आहेत. तेलातला कल्क बोटांनी वळला की त्याची वात व्हावी, आणि ती विस्तवावर टाकली तर आवाज होऊ नये. मी वाचता वाचता थांबले. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आजीच्या कानात शार्ङ्गधराची खूण होती, आणि तिने त्याचे नावही ऐकले नव्हते!

आता प्रश्न असा, की हे शास्त्रातून आजीकडे आले की आजीकडून शास्त्रात गेले? आपल्याकडचे जुने ग्रंथच याचे उत्तर देतात आणि ते मोठ्या मोकळेपणाने देतात. चरकसंहिता सांगते की वनस्पतींची नावे आणि रूपे जाणतात ते रानातले शेळ्या-मेंढ्या राखणारे, गुराखी आणि वनवासी. मात्र नुसत्या नावारूपाने औषध कळत नाही, त्याची योजना कळली पाहिजे, असेही चरक लगेच बजावतो. सुश्रुतसंहितेत औषधी कुठल्या जमिनीतून घ्याव्यात यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. खड्ड्यांची, वारुळांची, स्मशानाजवळची जागा टाळावी, माती मऊ पण धरून ठेवणारी असावी, असे त्यात सांगितले आहे. आणि औषधांची ओळख कुणाकडून करून घ्यावी? गुराखी, तपस्वी, व्याध, रानात फिरणारे, कंदमुळांवर जगणारे यांच्याकडून. म्हणजे औषधाच्या कामात तीन गोष्टी लागतात हे त्यांना ठाऊक होते. झाडाचे नाव, ते झाड उगवते ती माती, आणि त्याचे औषध करणारा हात. पुढची गोष्ट आहे ती या तिघांची ताटातूट कशी झाली त्याची.

ती सुरू होते आपल्या शेजारी, गोव्यात. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली हिंदुस्थानात आला आणि उरलेले आयुष्य त्याने मुख्यतः गोव्यात काढले. मुंबई बेटही त्याला खंडाने मिळाले होते. १५६३ साली गोव्यात त्याचे पुस्तक छापले गेले. हिंदुस्थानातली औषधे आणि वनस्पती यांवरचे संवाद, असे त्याचे स्वरूप. भारतात छापल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यात पटकीचे वर्णन आहे आणि इथले लोक त्या दुखण्याला काय म्हणतात तेही दिले आहे. तो शब्द आहे ‘मोर्शी’, म्हणजे आपली मोडशी. आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडचा शब्द असा पोर्तुगीज पुस्तकात जाऊन बसला.

या पुस्तकात प्रश्न विचारायला एक काल्पनिक पाहुणा आहे. पण मधेच ऑर्टा आपल्या घरातल्या अँटोनिया नावाच्या दासीला हाक मारतो आणि अमुक झाडाचा पाला घेऊन ये म्हणतो. ती आणते. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही येतो. झाड कुठे आहे ते अँटोनियाला माहीत, त्याचे काय करायचे ते मालुपाला माहीत, आणि पुस्तकावर नाव ऑर्टाचे. त्याला दोष द्यावा असे मात्र मला वाटत नाही. निदान त्याने या दोघांना पानावर जागा दिली. शिवाय त्याचे स्वतःचे दुःख वेगळेच होते. त्याचे घराणे ज्यू. धर्मांतर वरवरचे, आतून जुना धर्म पाळणारे. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मन्यायालयाने गोव्यात जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळण्यात आली. ज्याने दुसऱ्यांच्या पूर्वजांचे ज्ञान टिपून ठेवले, त्याला स्वतःच्या पूर्वजांचे नाव जन्मभर मोठ्याने घेता आले नाही. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे.

ज्या धर्मछळात ऑर्टाची हाडे जळाली, त्याच छळामुळे त्या शतकात अनेक कोकणी कुटुंबे गोवा सोडून समुद्रकिनाऱ्याने दक्षिणेकडे गेली. जाताना देव नेले, भाषा नेली, लिपी नेली आणि वैद्यकीही नेली. त्यातली काही कोचीला स्थिरावली. शंभरेक वर्षांनी तिथे डचांचे राज्य होते. त्यांनी १६६३ मध्ये पोर्तुगीजांकडून कोची घेतले होते. १६७० पासून मलबारचा डच अधिकारी होता हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड. त्याच्यापुढे एक साधी व्यावहारिक अडचण होती. त्याचे शिपाई आणि खलाशी आजारी पडत. औषधे यायची युरोपातून, लांबच्या समुद्रप्रवासात जुनी झालेली. त्यातली काही तर मुळात पूर्वेकडूनच तिकडे गेलेली! मग इथलीच झाडे का ओळखू नयेत?

त्याने मोठे काम मांडले. रानातून झाडे आणायला माणसे, चित्रे काढायला चित्रकार, लिहायला लेखनिक आणि सांगायला वैद्य. या वैद्यांतला प्रमुख होता इट्टी अच्युतन. राहणारा आजच्या आलप्पुळा जिल्ह्यातल्या चेर्तलाजवळच्या कडक्करप्पळ्ळीचा, ईळवा समाजाचा. उच्चवर्णीयांच्या लेखी हा समाज खालचा. पण वैद्यकी अच्युतनच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आणि घरात ताडपत्राची पोथीही होती. त्याच्या जोडीला कोचीचे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य आले. रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट. त्यांनी निघंटूचा, म्हणजे औषधीकोशाचा आधार घेतला.

या सगळ्यातून बारा खंडांचा ग्रंथ तयार झाला. ‘हॉर्टस मलबारिकस’, म्हणजे मलबारची बाग. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात सुमारे ७४० वनस्पती आणि त्यांची मोठमोठी सुंदर चित्रे आहेत. पहिल्या खंडाच्या सुरुवातीला वैद्यांचे दाखले छापले आहेत, त्यांच्या त्यांच्या लिपीत. अच्युतनचा मल्याळममध्ये आणि तिघा भटपंडितांचा कोकणी भाषेत, नागरी लिपीत. दाखल्यांवर तारीख आहे २० एप्रिल १६७५. रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक होऊन अजून वर्ष पुरे व्हायचे होते. युरोपात छापल्या गेलेल्या नागरी अक्षरांच्या जुन्या नमुन्यांपैकी हे एक पान, आणि ते आहे झाडपाल्याच्या औषधांविषयी.

मला या दाखल्यांत सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की अच्युतन आपली माहिती सांगताना आधी आपले घर सांगतो. घराचे नाव, गाव, जात, आपण वंशपरंपरेने वैद्य आहोत ही गोष्ट, आणि मग झाडांविषयी आपण जे सांगितले ते ग्रंथातून व दीर्घ अनुभवातून आले आहे, ही ग्वाही. आज आपण एखाद्या विद्वानाची ओळख पदव्यांनी करून देतो. त्याने ती पूर्वजांनी करून दिली. हे ज्ञान माझे एकट्याचे नाही, ते माझ्याकडे कुठून आले ते मी सांगू शकतो, एवढाच त्याचा दाखला.

पण पुढे त्या ज्ञानाचा प्रवास कसा झाला पाहा. अच्युतन मल्याळममध्ये बोलला. कार्नेरो नावाच्या दुभाष्याने ते पोर्तुगीजमध्ये नेले आणि शेवटी ते लॅटिनमध्ये उतरले. एका ओंजळीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत पाणी ओतत न्यावे तसे. नाव टिकले, पानाफुलांचे वर्णन टिकले, चित्र तर अप्रतिम टिकले. अमक्या रोगावर याचा रस, तमक्यावर याचा काढा, इतकेही टिकले. गळून गेले ते विस्तव किती, हात कसा फिरवायचा, कुठला वास आला की थांबायचे हे. माझ्या वहीतून वातीचा आवाज निसटला, तसेच.

नावांची मात्र पुढे चैन झाली. १७५३ साली स्वीडनच्या लिनीअसने जगातल्या वनस्पतींना शास्त्रीय नावे देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला, तेव्हा हिंदुस्थानात कधीही न आलेल्या त्या शास्त्रज्ञाला मलबारची झाडे भेटली ती याच पुस्तकात. वेलचीचे शास्त्रीय नाव ‘इलेट्टारिया’ आले ते मल्याळम ‘एलेत्तरी’वरून, करंजाचे ‘पोंगामिया’ आले ते ‘पोंगम’वरून. अच्युतनच्या गावची हाक जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. त्याची ताडपत्राची पोथी मात्र हरवली. व्हॅन ऱ्हीड १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावर वारला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर आहे. अच्युतनची आठवण म्हणून कडक्करप्पळ्ळीला एक लहानशी वास्तू तेवढी जपली आहे.

आणि मूळ मुलखात हे पुस्तक परत यायला किती वर्षे लागली? सव्वातीनशे. कालिकत विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्यातली कितीतरी दशके या कामावर घालवली. लॅटिन शिकले, चित्रांतली झाडे रानात जाऊन पुन्हा शोधली. त्यांचे इंग्रजी भाषांतर २००३ मध्ये आणि मल्याळम २००८ मध्ये निघाले. मल्याळम माणसाने मल्याळममध्ये सांगितलेली गोष्ट मल्याळममध्ये वाचायला मिळाली ती अशी.

आता मुंबईकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकून तयार झालेल्या आपल्या डॉक्टरांत सखाराम अर्जुन हे एक नाव. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. १८८३ मध्ये ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन झाली, तेव्हा आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसे होती. एक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे हे. विलायती वैद्यक शिकलेल्या या माणसाने १८७९ मध्ये मुंबईच्या औषधांची एक यादी प्रसिद्ध केली. विलायती विद्या घेतलेल्याने देशी औषधांची विचारपूस करावी, हे त्या काळात थोडे नव्हते.

अशी विचारपूस का लागते, याचे एक उदाहरण सांगते. बाळाच्या गुटीत जे अतिविष असते, त्याच कुळातला त्याचा सख्खा भाऊ म्हणजे बचनाग. एक तान्ह्या बाळाला उगाळून देत, दुसरा जीव घेणारा जहरी. दोन्ही मुळे सुकलेली, दोन्ही काळपट-करडी. नुसत्या नावावर विसंबला त्याचा घात ठरलेला. माझ्या आजीच्या बटव्यातले अतिविष ओळखीच्या दुकानदाराकडून यायचे आणि तरीही ती ते मोडून आतला पांढरा रंग पाहिल्याशिवाय बटव्यात टाकत नसे. चरकाने नुसत्या नावारूपावर थांबू नका म्हटले, ते उगीच नाही.

असे असूनही आपल्या काळात हे ज्ञान वाचवायला पुन्हा कागदच धावून आला, हेही खरे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट मिळाले. बोट कापले की हळद दाबायची, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागते का? पण पेटंट कचेरीत ‘आमची आजी असे करते’ हा पुरावा चालत नाही. तिथे छापील आधार लागतो. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतली, जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय लेख पुढे केला. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. पुढे २००१ पासून अशा पारंपरिक ज्ञानाचा संगणकीय ग्रंथसंग्रह उभा राहू लागला. म्हणजे वहीही हवीच. वही नसती तर हळदसुद्धा आपल्या नावावर राहिली नसती.

मात्र वहीत नाव गेले की जमिनीवरचे झाड सुरक्षित झाले, असे नाही. आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे एक लहान झाड आहे. लाकडाला दुर्गंध, म्हणून असे नाव. १९६६ मध्ये चीनमधल्या एका झाडात कॅन्सरवर उपयोगी पडणारे कॅम्पटोथेसिन हे द्रव्य सापडले. ते शोधणाऱ्यांत मनसुख वाणी हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ होते. १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यात असल्याचे भारतीय संशोधकांनी दाखवले. त्यापासून बनणारी औषधे कित्येक रोग्यांना उपयोगी पडली, हे मोठेच काम. पण नाव जगाला कळले आणि विशेषतः १९९० नंतर सह्याद्रीतला नरक्या ओंडक्या-ओंडक्यांनी तुटून बाहेर गेला. तोडणाऱ्याला मजुरी मिळाली. झाड पुन्हा कधी वाढेल याची चौकशी करायला कुणी नव्हते. जो हात औषध करतो, त्याला पुढच्या वर्षीही तेच झाड लागते. म्हणून तो मूळ राखून पाला घेतो. ज्याला एकदाच माल उचलायचा आहे, त्याला ती गरज नसते. मातीशी नाते हा काही मोठा भाविक शब्द नाही. पुढच्या पावसाळ्यात मला इथेच यायचे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. आज बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नये म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे ऐकावे. अस्वच्छ सहाण, न ओळखता आणलेली मुळी, चुकलेला वळसा यांनी बाळे दगावलीही असतील. त्या काळी पाळणे रिकामे होत आणि त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नसे. माझ्या आजीनेही दोन मुले लहानपणीच गमावली होती. वळसे मोजताना तिला मधे बोललेले का चालत नसे, हे मला फार उशिरा कळले. तिच्या हातातली ती शिस्त म्हणजे नुसता सोवळेपणा नव्हता. त्यात भीती होती, आणि त्या दोन मुलांची आठवणही होती.

मग आज आपण करायचे काय? गुटी पुन्हा सुरू करावी, दवाखाने बंद करावेत, असे मुळीच नाही. पण प्रत्येक घरात एखादे तरी निरुपद्रवी काम असे असते, जे अजून हाताने होते. कुणाकडे तेल, कुणाकडे आवळ्याचा मोरावळा, कुणाकडे घरच्या शिकेकाईची पूड. ते करणारे माणूस अजून घरात असेल तर एक दिवस त्याच्या समोर नव्हे, शेजारी बसा. वस्तू कुठून येते विचारा, ते झाड एकदा डोळ्यांनी पाहा. वही जरूर ठेवा. पण हातही भरवा.

मी आता दर पावसाळ्यात माक्याचे तेल करते. माका शोधायला लांब जावे लागत नाही. शेताच्या ओल्या बांधावर, पाटाच्या कडेला, इवल्या पांढऱ्या फुलांनी तो आपणहून उगवतो. मात्र आमच्या गावातला जुना बांध रस्त्याखाली गेला, त्यामुळे आता थोडे पुढे जावे लागते. बरोबर भावाची नात येते. शहरात वाढलेली, आठ वर्षांची. पहिल्या वर्षी ती माक्याऐवजी भलतेच गवत उपटून घेऊन आली. आता चुकत नाही. दरवेळी चार रोपे सोडून द्यायची, हे तिला मी एकदाच सांगितले होते. आता तीच मला सांगते.

संध्याकाळी कढई चढते. रस आटत येतो, फेस येतो, घरभर तो हिरवा उग्र वास भरतो. मी वात तेलात बुडवते आणि विस्तवाजवळ नेते. यात काय ऐकायचे, हे मी तिला कधी समजावून सांगितलेले नाही. गेल्या वर्षी मी वात धरली, तेव्हा तिने माझ्याआधीच मान कलती केली आणि म्हणाली, ‘आजी, पाणी आहे अजून.’